खोकल्याची बाटली आणि बाळाचा श्वास

दिवाळी होते, सातपुड्यावरून गार वारा उतरू लागतो, आणि फैजपूर-यावल-रावेर पट्ट्यातल्या सरकारी दवाखान्यांच्या ओपीडीत सकाळपासून लहान मुलांचा खोकला ऐकू येऊ लागतो. त्यात पहिल्या वर्षातली बाळं बरीच असतात. परवा अशीच एक पाच महिन्यांची मुलगी आली. आई सांगत होती, "पंधरा दिवस झाले मॅडम, कफ सुटतच नाही. रात्रभर घरघर करते. नाक बंद झालं की दूध सोडून देते." सोबतच्या आजींनी पिशवीतून अर्धी संपलेली बाटली काढून टेबलावर ठेवली. "हीच औषधी लिहून द्या. मागच्या वेळेस हिनंच गुण आला होता." बाटलीचं लेबल तेलकट होऊन पुसट झालेलं. ती कुणी दिली, कधी उघडली, कुणालाच आठवत नव्हतं. बहुधा जावेच्या मोठ्या मुलासाठी मेडिकलमधून आणलेली.

ही बाटली आपल्या घराघरांत आहे. म्हणून आधी तिच्याबद्दल बोलू.

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात, मुख्यतः परासिया भागात, लहान मुलांच्या मूत्रपिंडांनी अचानक काम करणं थांबवलं. सुरुवात साध्या सर्दी-खोकल्याने आणि तापाने झाली होती. मुलांना खोकल्याचं औषध दिलं गेलं आणि काही दिवसांत त्यांची लघवी बंद झाली. त्यातली अनेक मुलं नागपूरला हलवण्यात आली आणि अनेकांचा मृत्यू आपल्या राज्यातल्या रुग्णालयांत झाला. एकूण वीसहून अधिक मुलं गेली. 'कोल्ड्रिफ' नावाच्या त्या सिरपच्या नमुन्यात तामिळनाडूच्या औषध प्रयोगशाळेला ४८.६ टक्के डायएथिलिन ग्लायकॉल सापडलं. हे औद्योगिक वापराचं रसायन आहे. औषधात त्याची मर्यादा ०.१ टक्का. म्हणजे जवळजवळ अर्धी बाटली विष होती.

रावेरच्या पुढे बऱ्हाणपूर लागतं. आपल्याकडची माणसं तिकडे उपचाराला जातात, तिकडची इकडे येतात, औषधंही येतात-जातात. त्यामुळे छिंदवाड्याची बातमी आपल्याला परक्या मुलखाची वाटायला नको होती. आणि हे विष महाराष्ट्राला नवीनही नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेले १४ रुग्ण मूत्रपिंडं निकामी होऊन दगावले. त्या ग्लिसरॉलमध्ये हेच रसायन मिसळलेलं होतं. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली, औषध प्रशासनातल्या गैरकारभाराचे वाभाडे काढले, मंत्र्यांपर्यंत त्याची झळ गेली. त्याच्याही आधी १९३७ मध्ये अमेरिकेत याच रसायनात विरघळवलेल्या औषधाने शंभरहून अधिक माणसं मेली होती. २०२२ मध्ये गांबियात भारतात बनलेल्या सिरपांशी जोडले गेलेले साठहून अधिक बालमृत्यू झाले. बहुतेक वेळा कारण तेच: सिरपसाठी लागणारा द्रव महाग, त्याच्यासारखं दिसणारं गोडसर विष स्वस्त, आणि मधल्या कुणीतरी तपासणी केलेली नाही.

औषध प्रशासनाने प्रत्येक बॅच तपासली पाहिजे, हे म्हणायला मी डॉक्टर असण्याची गरज नाही. डॉक्टर म्हणून माझं म्हणणं वेगळं आहे. ती बाटली शंभर टक्के शुद्ध असती, तरीही त्या मुलांना तिची गरज नव्हती.

खोकल्याच्या अशा सिरपमध्ये साधारणपणे काय असतं? ॲलर्जीवरचं एक औषध, ज्याने गुंगी येते. नाकातल्या रक्तवाहिन्या आकुंचित करणारं एक औषध, ज्याने बाळाच्या हृदयाचे ठोके वाढतात. कधी त्यात पॅरासिटामॉलही असतं. आई तापाचं सिरप वेगळं पाजत असते, म्हणजे तेच औषध नकळत दोनदा पोटात जातं. यापैकी कशानेही लहान बाळाचा सर्दी-खोकला लवकर बरा होत नाही. आजींना 'गुण' दिसतो तो गुंगीचा. बाळ झोपतं, घर शांत होतं. पण कफ बाहेर काढण्यासाठी बाळाकडे खोकला हेच एक साधन असतं. गुंगीतलं बाळ कमी खोकतं, दूधही कमी पितं, आणि आजार वाढत असेल तर तो दिसत नाही.

हे आता सरकारी कागदावरही आहे. कोल्ड्रिफमध्ये जी तीन औषधं होती, त्यांतल्या क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन या जोडीबद्दल 'चार वर्षांखालील मुलांना देऊ नये' असा इशारा छापण्याचे निर्देश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच दिले होते. छिंदवाड्यानंतर, ३ ऑक्टोबर २०२५ ला, केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने सांगितलं की दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधं लिहू नयेत आणि देऊ नयेत. पाच वर्षांखालील मुलांसाठीही सर्वसाधारणपणे त्यांची शिफारस नाही.

तरीही बाटली लिहिली जाते. त्याची कारणं मला चांगली माहीत आहेत, कारण नोकरीच्या सुरुवातीची कित्येक वर्षं मीही ती लिहिली आहे. बाहेर ऐंशी-नव्वद माणसं रांगेत असतात. समोरची बाई पाड्यावरून दोन वाहनं बदलून, दिवसाची मजुरी बुडवून आलेली असते. केळीच्या बागेत कापणीचं काम चालू असताना सुट्टी मिळणं सोपं नाही. तिला 'काही देत नाही' म्हणणं हा अपमान वाटतो, तिलाही आणि आपल्यालाही. बाटली लिहायला दहा सेकंद लागतात. का लिहीत नाही, हे समजावायला दहा मिनिटं. शिवाय मी नाही दिली, तर चौकात मेडिकल आहेच.

मग बाळाच्या त्या घरघरीचं काय? त्यासाठी थोडं नाकाबद्दल.

पहिल्या काही महिन्यांत बाळ जवळजवळ नाकानेच श्वास घेतं, आणि त्या नाकाची वाट काही मिलिमीटरची असते. नळीचा व्यास निम्मा झाला, तर हवेला होणारा अडथळा सोळापट होतो, हा साधा भौतिकशास्त्राचा हिशेब आहे. आपल्याला ज्या शेंबडाची दखलही घ्यावी लागत नाही, तेवढ्याने बाळाचं नाक चोंदतं. वरचा हा आवाज पाठीवर हात ठेवला की हातालाही जाणवतो आणि आईची खात्री होते की कफ छातीत भरला आहे. बहुतेक वेळा छाती स्वच्छ असते. आवाज नाकातून आणि घशातून येत असतो. बाळ हसतंय, पितंय, वजन वाढतंय आणि फक्त घरघरतंय, तर तो आजार नसतो, अरुंद वाटेतून जाणाऱ्या हवेचा आवाज असतो.

यावरचा उपाय इतका साधा आहे की लोकांचा त्यावर विश्वास बसत नाही. मिठाच्या पाण्याचे, म्हणजे नॉर्मल सलाईनचे थेंब. मेडिकलमध्ये घेताना त्यावर ०.९ टक्के सोडियम क्लोराईड एवढंच लिहिलेलं असावं. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन असं नाव असेल तर ते बाळासाठी नाही, परत करावं. दूध पाजण्याआधी बाळाला आडवं घेऊन प्रत्येक नाकपुडीत दोन-दोन थेंब टाकायचे, मिनिटभर थांबायचं, सैल झालेला शेंबूड मऊ सुती कापडाच्या वातीने अलगद टिपून घ्यायचा. नाक मोकळं झालं की बाळ दूध ओढतं. दूध एका वेळी कमी प्यायलं तर जास्त वेळा पाजायचं. अंगावरचं दूध खोकल्यात बंद करायचं नाही. आईने भात, केळं, दही खाल्लं म्हणून बाळाला सर्दी होत नाही. आमच्या केळीच्या मुलखात बाळंतिणीला केळं वर्ज्य असतं, हे मला आजवर उमगलेलं नाही.

आणि थांबायचं. हा भाग सगळ्यात अवघड. विषाणूमुळे झालेल्या सर्दीत निम्म्या मुलांचा खोकला साधारण दहा दिवसांत जातो, पण दहापैकी नऊ मुलं बरी व्हायला पंचवीस दिवस लागतात. लहान मुलांना वर्षाला सहा-आठ वेळा सर्दी होऊ शकते. घरात शाळेत जाणारं भावंड असेल तर अधिकच. गणित केलं तर कळेल की हिवाळ्यात एक खोकला संपता संपता दुसरा सुरू होतो, आणि आईला तो एकच, महिनाभर चाललेला खोकला वाटतो.

पण सगळेच खोकले थांबून बघण्याचे नसतात. थांबायचं कधी आणि पळायचं कधी, हे ओळखायचं कसं? याचं उत्तर शोधण्यात महाराष्ट्राचा मोठा वाटा आहे, आणि ते आपल्याच लोकांना फारसं माहीत नाही.

फुप्फुसात न्यूमोनिया झाला की ते कडक होतं, खोल श्वास घेता येत नाही, म्हणून बाळ उथळ आणि भराभर श्वास घेऊ लागतं. श्वासाची गती मोजून न्यूमोनिया ओळखता येतो, हे पापुआ न्यू गिनीतल्या अभ्यासातून पुढे आलं होतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ते थेट गावात नेलं. ५८ गावांत थोडं शिकलेल्या आरोग्यसेवकांना आणि सुईणींना श्वास मोजायला आणि न्यूमोनियावर साधं प्रतिजैविक द्यायला शिकवलं. शेजारच्या ४४ गावांशी तुलना केली. शिकवलेल्या गावांत उपचार मिळालेल्या न्यूमोनियाच्या ६१२ बाळांपैकी एक टक्काही दगावली नाहीत. तुलनेच्या गावांत हेच प्रमाण १३.५ टक्के होतं. १९९० मध्ये हा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. ज्या सुईणींना पन्नासपर्यंत मोजता येत नव्हतं, त्यांच्यासाठी बंग दांपत्याने एक साधन बनवलं: एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेवरचे मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया.

आज प्रत्येक घरात मोबाइल आहे आणि त्यात सेकंद दाखवणारं घड्याळ आहे. बाळ शांत असताना, झोपेत असेल तर उत्तम, कपडा वर करून पोट उघडं करा. पोट वर आलं की एक. पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चौपट करू नका, कारण बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही. रडताना किंवा ताप चढलेला असताना मोजलं तर आकडा उगाच वाढतो. मग थोड्या वेळाने पुन्हा मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त: असं असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, तर आकड्याची वाट पाहू नका. आपल्याकडे याला कुणी 'डबा' म्हणतं, कुणी 'पसली चालते' म्हणतं, कुणी 'पोट उडतं' म्हणतं. नावं जुनी आहेत आणि निरीक्षण अगदी अचूक आहे. आपल्या आज्यांना न्यूमोनिया ओळखता येत होता, त्यांच्याकडे औषध नव्हतं एवढंच. बाळ दूध ओढत नाही, सारखं गळून पडतं किंवा जागं होत नाही, ओठ-जीभ निळसर दिसते, झटका येतो, कण्हण्याचा आवाज येतो किंवा मध्येच श्वास थांबल्यासारखा वाटतो, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी १०८ ला फोन करायचा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला नुसता ताप असला, तरी घरी थांबायचं नाही.

या ओळखीचं रूपांतर उपचारात होत नाही तेव्हा काय होतं, तेही आपण पाहिलं आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत मेळघाटात, चिखलदरा तालुक्यात, २२ दिवसांच्या बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्याने चटके देण्यात आले. सातपुड्याच्या याच रांगेत, आपल्यापासून फार लांब नाही. त्या घरच्यांना अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पुसट लेबलच्या बाटलीतून अंदाजाने दोन चमचे पाजणं आणि भगताकडे नेणं यात मला फार मोठं अंतर दिसत नाही. दोन्हीकडे बाळ खोकतंय म्हणजे काहीतरी केलंच पाहिजे, हीच घाई असते.

घरगुती उपायांबद्दल विचारलं जातं, म्हणून थोडक्यात. ओवा-शेपाची धुरी बाळाच्या खोलीत नको. कपाशीच्या पऱ्हाट्यांवर चूल पेटते तिथे बाळाची झोळी नको, आणि बिडी-सिगारेट घरात अजिबात नको. धूर कशाचाही असला तरी बाळाच्या श्वासनलिका सुजतात. नाकात तेल टाकू नये. ते फुप्फुसात उतरून वेगळाच न्यूमोनिया होतो. कापूर विषारी आहे, पोटात गेला तर झटके येतात. बाम दोन वर्षांपर्यंत नको. मध एक वर्षापर्यंत चाटवायचासुद्धा नाही, कारण त्यातल्या जंतूंमुळे बाळाला बॉट्युलिझम नावाचा लकव्यासारखा आजार होऊ शकतो. गरम पाण्याच्या पातेल्यावर वाफ देताना भाजलेली मुलं मी पाहिली आहेत.

खरोखर रेंगाळणाऱ्या खोकल्याची गोष्ट वेगळी. दोन आठवड्यांहून जास्त खोकला आहे, वजन वाढत नाही किंवा घटतंय, आणि घरात कुणाला क्षयरोग आहे किंवा कुणी महिनोन् महिने खोकतंय, तर बाळाची क्षयरोगाची तपासणी झालीच पाहिजे. अशा वेळी खोकणाऱ्या आजोबांनाही सोबत आणा. एकामागून एक खोकल्याची उबळ येऊन बाळ लाल-निळं होतं, मग उलटी करतं, तर डांग्या खोकल्याची शंका घ्यावी. अगदी लहान बाळात तो खास आवाज येतही नाही, श्वासच थांबतो. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांची पेंटाव्हॅलंट लस त्यासाठीच आहे, आणि २०२१ पासून देशभर सरकारी केंद्रांवर न्यूमोकोकल लसही मोफत मिळते. दूध पिताना दमणारं, कपाळावर घाम येणारं बाळ हृदयाच्या तपासणीसाठी पाठवावं लागतं.

आणि शेंगदाणा. आमच्याकडे तो प्रत्येक घरात आहे. रांगतं-चालतं मूल अचानक ठसकलं, काळंनिळं झालं, मग बरं वाटलं, आणि त्यानंतर आठवडे खोकला आणि एकाच बाजूला शिट्टीसारखा आवाज, अशी गोष्ट ऐकली की दाणा श्वासनलिकेत अडकला असावा असं धरूनच चालावं लागतं. तो दुर्बिणीनेच काढता येतो. कितीही बाटल्या पाजल्या तरी निघत नाही. आईला तो ठसका आठवतो, पण कुणी विचारल्याशिवाय ती सांगत नाही. विचारायला वेळ लागतो, हा आमचा दोष.

सरकारी यंत्रणेकडून मागायचं तर फार खर्चिक काही नाही. पाच वर्षांखालच्या खोकणाऱ्या प्रत्येक मुलाच्या केसपेपरवर वजनाच्या शेजारी श्वासगतीचा आकडा असलाच पाहिजे, तो नसेल तर औषध लिहिता येऊ नये. प्राथमिक आरोग्य केंद्रांत सिरपच्या खोक्यांऐवजी सलाईनच्या थेंबांचा साठा हवा. पहिल्या ४२ दिवसांत आशाताई घरी येतात, तेव्हा त्यांनी श्वास स्वतः मोजावाच, पण आईकडून आणि आजीकडूनही मोजून घ्यावा. आणि चिठ्ठीशिवाय बाळाला खोकल्याची बाटली देणाऱ्या मेडिकलवर कारवाई झालेली एकदा तरी गावाला दिसू द्या.

त्या पाच महिन्यांच्या मुलीच्या आईला मी खुर्चीवर बसवलं, मुलगी मांडीवर झोपली होती. मोबाइल पुढे धरला. आईने बोटांच्या पेरांवर मोजलं: ४२. आजींचा विश्वास बसला नाही, त्यांनी स्वतः पुन्हा मोजलं: ४४. बरगड्या ओढल्या जात नव्हत्या, वजन वाढलेलं होतं, छाती स्वच्छ होती. थेंब लिहून दिले, पन्नासचा आकडा चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहिला आणि तिसऱ्या दिवशी परत यायला सांगितलं. निघताना आजींनी ती बाटली पुन्हा पिशवीत टाकली. मी ती मागून घेतली.